गोळी देणारे पुष्कळ, विचारणारा कोण?

सोयवादी : ऑनलाइन गोळ्यांच्या नावानं बोटं मोडण्याआधी एक करून बघा. तालुक्याच्या गावातल्या मेडिकलसमोर संध्याकाळी सातला उभे राहा आणि ताठरतेची गोळी मागा. शेजारी हायस्कूलचे मास्तर खोकल्याचं औषध घेत असतात, पलीकडे चुलतभावाची सून पोराचे डायपर. काउंटरवरचा पोरगा आत ओरडून विचारतो, "शेठ, पन्नासची देऊ का शंभरची?" तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. डॉक्टरकडे जावं, तर फॅमिली डॉक्टर म्हणजे जवळजवळ घरातलाच. त्यानं तुमच्या आईचं बीपी बघितलेलं, तुमच्या मुलाला लस टोचलेली. त्याच्यासमोर "जमत नाही हो" एवढंसुद्धा तोंडातून निघत नाही. बरं, ही तक्रार काही हजारात एखाद्याची नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेली एक पाहणी 1994 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 40 ते 70 वयाच्या पुरुषांपैकी 52 टक्के जणांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होता. आपल्याकडे मधुमेह घरोघरी पोचलेला, तंबाखू त्याच्याही आधी पोचलेली. आपण फार वेगळे असू असं मला वाटत नाही. एवढ्या माणसांनी जायचं कुठं? मोबाइलवर मागवलं, साध्या खोक्यात आलं, पैसे दारात दिले, कुणाला कळलं नाही. यात गुन्हा काय?

साशंक : लाजेबद्दल तुम्ही बोललात ते सगळं मान्य. माझा जन्म मेडिकलच्या काउंटरमागे गेला. "ती... ती गोळी" म्हणून खालमानेनं उभा राहणारा माणूस मला दुरून ओळखू येतो. पण तुमच्या साध्या खोक्यात असतं काय, ते एकदा उघडून बघू. त्यात तीन तऱ्हा असतात. पहिली, खरीखुरी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, फक्त चिठ्ठीशिवाय पाठवलेली. दुसरी, 'शंभर टक्के आयुर्वेदिक, दुष्परिणाम शून्य' असं छापलेली कॅप्सूल, जिच्यात लेबलवर न सांगता तीच सिल्डेनाफिल मिसळलेली. आणि तिसरी, ज्यात काय आहे ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नाही. लोक पहिलीला भितात आणि दुसरीला निर्धास्त हात घालतात. मला उलटं वाटतं. पहिलीत निदान काय गिळतोय ते तरी माहीत असतं.

दुसऱ्या तऱ्हेचा हिशेब अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आहे. 2007 ते 2016 या काळात त्यांनी भेसळ असल्याचा इशारा दिलेल्या पूरक उत्पादनांची कुणीतरी मोजदाद केली. ती 776 निघाली, आणि त्यांतली 353, म्हणजे निम्म्याला थोडी कमी, 'मर्दानी ताकदी'ची होती. त्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं द्रव्य म्हणजे सिल्डेनाफिल. कधी सिल्डेनाफिलची भावंडंही सापडतात. रेणूत एखादा फेरफार करायचा, म्हणजे नेहमीच्या तपासणीत नाव लागत नाही. त्या भावंडांची माणसावर कधीच चाचणी झालेली नसते. किती मात्रेला काय होतं, हे पहिल्यांदा कळतं ते गिऱ्हाइकाच्या अंगावर.

आणि तिसरी तऱ्हा. 2008 साली सिंगापूरच्या रुग्णालयांत अचानक बेशुद्ध पुरुष यायला लागले. मधुमेह नाही, इन्सुलिन घेतलेलं नाही, आणि रक्तातली साखर तळाला गेलेली. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत असे 150 रुग्ण आले, एक सोडून सगळे पुरुष. तपासाअंती कळलं की बनावट कामोत्तेजक गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं होतं. हे मधुमेहाचं जुनं औषध, आपल्याकडे घराघरांत असायचं. चौघे मेले, सातजण कोमातून बाहेर आले नाहीत. कामेच्छेच्या गोळीत साखर उतरवणारं औषध कुणी मुद्दाम घालेल का? तसं वाटत नाही. बहुधा एकाच गोदामात, एकाच यंत्रावर दोन्ही माल निघत असावेत. म्हणूनच ती गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते. तिथं कुणाचा द्वेष नव्हता, नुसती बेफिकिरी होती.

सोयवादी : सिंगापूर झालं, अमेरिका झाली. आता आपल्याकडे या. 2005 पर्यंत आपल्या देशात औषधांवर उत्पादन-पेटंट नव्हतं. फायझरची गोळी अमेरिकेत मंजूर झाली मार्च 1998 मध्ये, आणि थोड्याच वर्षांत आपल्या कंपन्यांनी तीच सिल्डेनाफिल स्वतः बनवून बाजारात आणली, फायझरच्या किमतीच्या कितीतरी खाली. आज जगभर आपली गोळी जाते. लंडनमधल्या माझ्या एका नातेवाइकानं सांगितलं, तिथं चोरून विकली जाणारी 'कामाग्रा' मुंबईच्या कंपनीची. तिथल्या सरकारच्या दृष्टीनं ती विनापरवाना, आपल्या दृष्टीनं कारखान्यातला चांगला माल. म्हणजे परवाना हा देशाच्या सीमेचा प्रश्न झाला, गोळीच्या गुणाचा नाही. शिवाय लोक मूर्ख नाहीत. हजारो जण लिहितात, 'फरक पडला', 'पहिल्याच दिवशी गुण आला'. इतक्या लोकांचा अनुभव खोटा?

साशंक : अनुभव खरा, त्याचं कारण वेगळं. सिल्डेनाफिलची जी मोठी चाचणी 1998 साली छापून आली, तिचे आकडे मला पाठ आहेत. खरी गोळी घेणाऱ्यांचे शेवटच्या चार आठवड्यांतले 69 टक्के प्रयत्न यशस्वी झाले. आणि ज्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत काहीच नसलेली गोळी दिली, त्यांचे 22 टक्के. हे 22 टक्के नीट डोक्यात घ्या. पिठाची गोळी विकणाऱ्यालासुद्धा पाचातलं एक गिऱ्हाईक खूश मिळतं, आणि तेच गिऱ्हाईक येऊन अभिप्राय लिहितं. बाकीचे चार काय लिहितील? आपल्याला फसवलं, हे सांगायचं म्हणजे आधी आपल्याला काय होतंय ते सांगायचं. ते गप्प बसतात. या धंद्यात तक्रार येत नाही, कारण तक्रार करायची तर नाव सांगावं लागतं.

कामाग्राचं म्हणाल, तर लंडनच्या नातेवाइकाला विचारा की त्याला आलेलं पाकीट मुंबईहून निघालं याची खात्री त्यानं कशावरून केली. विनापरवाना बाजारात नाव गाजलं की त्या नावाची नक्कल करणं सगळ्यात सोपं. खरी कंपनी तिथं तक्रार घेऊन जाऊ शकत नाही, गिऱ्हाईक जाऊ शकत नाही, आणि दुकानाला पत्ताच नाही. परवाना म्हणजे गुणवत्तेचं बक्षीस आहे असं मी कधी म्हटलं नाही. काही वाईट झालं तर कुणाची गचांडी धरायची, हे त्यावर लिहिलेलं असतं.

सोयवादी : आणि आयुर्वेद? तुम्ही सगळ्या चूर्णांना एकाच पोत्यात भरताय. आमच्या आजोबांनी सफेद मुसळी खाल्ली, अश्वगंधा खाल्ली, नव्वदीपर्यंत शेतात गेले.

साशंक : आजोबांबद्दल आदर आहे. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, चरकाच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या पाठोपाठ दुसरा अध्याय त्याचाच. त्यातला शहाणा वैद्य आहार, झोप, ऋतू, माणसाची प्रकृती बघतो आणि सावकाश गुण येण्याची गोष्ट करतो. आता तुमच्या रीलमधली जाहिरात आठवा : 'रात्री जेवल्यावर एक कॅप्सूल, 40 मिनिटांत असर.' मुसळी 40 मिनिटांत काम करत नाही हो. सिल्डेनाफिल करते, अर्ध्या ते एका तासात. तिला असर यायला मनात इच्छाही लागते, आणि भरपेट तेलकट जेवण झालं असेल तर तीही उशीर करते. म्हणून जडीबुटी घड्याळाप्रमाणे चालायला लागली, तोंड लाल झालं, डोकं दुखलं, नाक चोंदलं, नजरेपुढे निळसर झाक आली, तर समजावं की जडीबुटीच्या आत कारखाना आहे.

आणखी एक चाल बघून ठेवा. ॲलोपॅथीची औषधं विकायला परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. काही जण तर त्याच्याही पलीकडे जातात आणि माल 'पूरक आहार' म्हणून काढतात. मग खोक्यावर फक्त अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक बघून गिऱ्हाईक म्हणतं, 'सरकारमान्य आहे'. सरकारनं मान्य केलंय ते खाण्याचा पदार्थ म्हणून. बिस्किटाच्या पुड्यावरही तोच असतो.

सोयवादी : सरकारचं नाव काढलंत तर मी आता जरा कडक बोलतो. गोळीच्या स्ट्रिपवर लाल रेघ असते, अनुसूची एच लिहिलेलं असतं, 'फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर' असं छापलेलं असतं. तुमच्या मेडिकलवाल्यांपैकी किती जण ती चिठ्ठी मागतात? भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र काचेत लटकतं आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावात नोकरी करत असतो. प्रमाणपत्राचं महिन्याला भाडं जातं, हे तुम्हाला मी सांगावं? जाहिरातींचं तेच. 1954 साली कायदा झाला, औषधांच्या आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणारी जाहिरातच गुन्हा. आणि लोकलनं जाताना दोन्ही बाजूंच्या भिंती काय सांगतात? 'गुप्तरोग, निराश होऊ नका.' हायवेला तंबू टाकून खानदानी वैद्य बसलेले. तुमची परवान्याची दुनिया स्वतः नियम पाळत नाही आणि उपदेश मात्र आम्हाला.

साशंक : यातलं एकही वाक्य मी खोडू शकत नाही. कायद्यानं पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड ठेवला, पुढच्याला वर्षभर. हमदर्द दवाखान्यानं तो कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला तेव्हा न्यायालयानं अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. इतका पाया भक्कम, आणि त्यावर घर बांधलंच नाही. ऑनलाइन औषधविक्रीचंही तसंच. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्रानं नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. विक्री थांबली नाही आणि मसुदा मसुदाच राहिला.

(इथं मध्ये पडायचा मोह आवरत नाही. हे दोघं गेला काही वेळ एकमेकांशी भांडताहेत असं दिसतं, पण प्रत्यक्षात दोघंही एका तिसऱ्याशीच भांडताहेत, आणि तो बैठकीला आलेला नाही. चालू द्या.)

साशंक : पण म्हणून सगळं सारखंच, असं मात्र मी म्हणू देणार नाही. सॉर्बिट्रेट तुमच्या घरात कुणी घेतं का? जिभेखाली ठेवायची ती बारीक गोळी. हृदयविकाराच्या माणसाच्या खिशात, देवघराच्या फडताळात, उशाखाली सापडते. ती नायट्रेट जातीची आहे. रक्तवाहिन्या सैल पडतात त्या शरीरातल्या एका निरोपामुळे. नायट्रेट तो निरोप वाढवतं. सिल्डेनाफिल तोच निरोप पुसला जाऊ देत नाही. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठून उभा राहू शकत नाही, आणि कधी तो उठतच नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास नायट्रेट देता येत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यालाही जपून, कमी मात्रेनं सुरुवात करावी लागते. म्हणून गोळी देण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो : 'हृदयाची, लघवीची काही गोळी चालू आहे का?' आमच्यातला वाईटातला वाईट मेडिकलवाला घ्या. त्यानं चिठ्ठी मागितली नाही तरी गिऱ्हाइकाच्या वडिलांची सॉर्बिट्रेट त्याच्याच दुकानातून जाते, हे त्याला आठवण्याची शक्यता असते. तुमच्या खोक्याला काही आठवत नाही. आणि 'आयुर्वेदिक'च्या आड सिल्डेनाफिल लपवलेली असेल, तर खुद्द माणसालाच ठाऊक नसतं की त्याला हा प्रश्न लागू आहे.

सोयवादी : चला, पहिल्यांदा तुम्ही नेमकं बोललात. परवाना, लाल रेघ, काचेतलं प्रमाणपत्र हे सगळं बाजूला ठेवून तुमचा मुद्दा एवढाच आहे ना, की देण्याआधी कुणीतरी विचारायला हवं? मग विचारण्यासाठी दुकानच कशाला? ब्रिटननं 2018 पासून 50 मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय द्यायला सुरुवात केली. फार्मासिस्ट प्रश्न विचारतो, पटलं तर देतो, नाही तर डॉक्टरकडे पाठवतो. आपल्याकडे 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे नियम आले. नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देऊ शकतो. मी ज्या ऑनलाइनची बाजू घेतोय ते हे. सांगलीच्या माणसाला नाशिकचा डॉक्टर विचारतो, जो त्याच्या आईला ओळखत नाही. तुमचा प्रश्नही विचारला जातो आणि माझी लाजही राखली जाते.

साशंक : याला मी हात जोडतो, फक्त खातरजमा करून घ्या. त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. चिठ्ठी तुमच्या नावावर, वयासकट हवी. गोळी परवानाधारक दुकानातून, बिलासकट, बॅच आणि मुदत छापलेल्या सीलबंद स्ट्रिपमध्ये यायला हवी. सुटी गोळी, डबीतली कॅप्सूल, चॅटवर 'सर, तुमचा प्रॉब्लेम काय' विचारून दोन मिनिटांत तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारणारा 'हेल्थ एक्स्पर्ट', यांना तुम्ही डॉक्टर म्हणत असाल तर आपलं जमायचं नाही. असे काही एक्स्पर्ट पुढं काय करतात तेही ऐका. पार्सल नाकारलंत तर घरी फोन करून सांगू, ही धमकी. असा फोन आला तर पैसे द्यायचे नाहीत, 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवायचं.

पण तुमच्या टेलिमेडिसिनमध्येही मला एक भोक दिसतं. फॉर्म असतो. 'नायट्रेट घेता का?' हो किंवा नाही. आमच्याकडचा माणूस सांगतो, 'बीपीची पांढरी घेतो आणि एक पिवळी.' त्याला नाव ठाऊक नसतं. आणि गोळी हवीच असेल तर तो 'नाही'वरच टिक करणार. समोर बसलेला माणूस तुमच्या चेहऱ्यावरून दुसऱ्यांदा विचारतो. फॉर्म दुसऱ्यांदा विचारत नाही.

सोयवादी : तुमचा समोर बसलेला माणूस तरी कुठं विचारतो! मधुमेहाच्या दवाखान्यात तीन महिन्यांची साखर बघतात, पाय बघतात, डोळे बघायला पाठवतात, मूत्रपिंड तपासतात. मधुमेहामुळं ताठरता जाते हे प्रत्येक डॉक्टर पुस्तकात शिकलेला असतो. पण 'तिकडं कसं आहे?' एवढं विचारायला त्याची जीभ रेटत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि तरी कर्वे हरले. नंतर विठ्ठल प्रभूंनी मराठीत पुस्तकं लिहिली, प्रकाश कोठारींनी केईएममध्ये लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. एवढी परंपरा असताना आजही आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी या एका तक्रारीसाठी नेमकं कुठल्या दारावर जायचं, हे कुणी सांगत नाही. मग माणूस मोबाइल उघडतो. त्याला हसण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

साशंक : हसलो नाही. उलट ऐकून राग आला, आणि तो तुमच्यावर नाही. दार सांगतो. आधी साधा एमबीबीएस किंवा एमडी फिजिशियन, नंतर लागलंच तर युरॉलॉजिस्ट. तो काय करेल? बीपी, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, सकाळचं टेस्टोस्टेरॉन. आणि एक प्रश्न : पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल तर यंत्रणा बहुतेक ठीक आहे, घोळ मनात, नात्यात किंवा दमलेपणात शोधायचा. तिथं समुपदेशनाचा गुण गोळीपेक्षा जास्त टिकतो. नसेल, तर रक्तवाहिन्यांकडे बघायचं.

आणि इथं मी तुम्हाला खरं अडवतो. शिश्नातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हींत सारखाच साचतो, म्हणून अरुंद नळी आधी तुंबते. पुष्कळ रुग्णांत ताठरतेची तक्रार हृदयाच्या तक्रारीआधी दोन ते पाच वर्षं येते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला शरीरानं दिलेली ही आगाऊ नोटीस आहे. तुमचं खोकं त्याला ती रात्र मिळवून देतं आणि नोटीस फाडून टाकतं.

सोयवादी : हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि जाहिरातीत तर कधीच नाही. तरी एक सांगतो. ज्याला आजची रात्र सावरायची आहे त्याला तुम्ही पाच वर्षांपुढचं हृदय दाखवताय. नोकरी गेलेली, कर्जाचे हप्ते थकलेले, लग्नाला वर्ष झालेलं आणि सासूबाई 'गोड बातमी कधी' विचारताहेत. त्याला ईसीजी काढ म्हणालात तर तो उठून जाईल. सरळ हायवेच्या तंबूत. मग माझं ऑनलाइन निदान तंबूपेक्षा बरं नाही का?

साशंक : नोंदणीकृत डॉक्टर असेल तर हजार वेळा बरं. नसेल तर ते ऑनलाइनच तंबू आहे, फक्त कनात दिसत नाही. आणि मी त्याला नुसता ईसीजी काढायला सांगत नाही. हृदय ठीक असेल, दोन जिने न थांबता चढता येत असतील, नायट्रेट चालू नसेल, तर सिल्डेनाफिल चांगलं औषध आहे. मी स्वतः चिठ्ठीवर आनंदानं देतो. चार तासांच्या वर ताठरता उतरली नाही, किंवा अचानक दिसायचं, ऐकू यायचं कमी झालं तर लगेच रुग्णालय गाठायचं, एवढं सांगून देतो. त्याच्या जोडीला तंबाखू आणि सिगारेट बंद. आठवड्यातून चार वेळा, दर वेळी 40 मिनिटं, दम लागेल असा व्यायाम सहा महिने केला तर ताठरता सुधारते, असं अभ्यासांत दिसलंय, आणि त्याला कुरिअर लागत नाही. कधी बीपीची किंवा नैराश्याची चालू गोळीच कारण असते. ती डॉक्टर बदलून देतो. आपण होऊन बंद करायची नाही. गोळीनं भागत नसेल त्यांच्यासाठी व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियेनं बसवायचं इम्प्लांट आहे. मुंबईच्या डॉ. रूपिन शहांनी तयार केलेलं इम्प्लांट तर देशी आहे. इतके रस्ते असताना माणूस एका अनोळखी डबीवर जीव लावतो, याचं मला वाईट वाटतं.

सोयवादी : इतका वेळ आपण बोलतोय, आणि बायकोचं नाव एकदाही निघालं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? तिच्यापासून लपवण्यासाठीच तर साधं खोकं. तिला कपाटात स्ट्रिप सापडते तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आजाराचा येत नाही, दुसऱ्या बाईचा येतो. मी लाजेची बाजू घेतोय असं तुम्हाला वाटतं. मला म्हणायचंय की लाज आहे तोवर तिला जागा द्या, लोक हळूहळू बोलायला शिकतील. आणि माझी मागणी अजून तीच आहे. ब्रिटनसारखं करा. 50 मिलिग्रॅम चिठ्ठीच्या जाचातून सोडवा, फार्मासिस्टला प्रश्न विचारायला बसवा, त्याचे पैसे त्याला द्या. चोरबाजार आपोआप निम्मा होईल.

साशंक : आणि माझी अडचण अजून तीच. ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट काउंटरवर असतो. आपल्याकडे काचेत असतो. तो खरोखर काउंटरवर येईल त्या दिवशी मी तुमच्या मागणीवर सही करीन. त्याआधी केली तर आज चोरून होतंय ते उद्या राजरोस होईल. तुम्ही म्हणाल, मागणी मान्य झाल्याशिवाय तो येणार कसा? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सोयवादी : माझ्याकडेही नाही. पण वाट बघत बसायलाही माझा माणूस तयार नाही. तो आज रात्रीच मागवणार आहे.

साशंक : मग त्याला एवढं तरी सांगा. बायकोला सांगून ठेव, निदान गोळी कुठली आणि किती वाजता घेतली एवढं. छातीत दुखलं, घाम फुटला, तर घरातल्या कुणाची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, मग ते तो बोलो की ती : "अमुक वाजता ताकदीची गोळी घेतली आहे." आयुर्वेदिक म्हणून घेतली असली तरी हेच सांगायचं. आणि पाकीट फेकू नका, सोबत न्या.